पाणपक्षी सहली आणि धरणांचा फुगवटा : पार्श्वभूमी

महाराष्ट्रातली पाणपक्ष्यांची सहल नैसर्गिक सरोवरावर क्वचितच जाते. ती जाते धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे पसरलेल्या पाण्यावर. भिगवणचं पाणी उजनीचं, पैठणचं जायकवाडीचं. नांदूरमधमेश्वर हा तर 1907 ते 1913 च्या दरम्यानचा बंधारा. गंगापूर-दारणेतून सुटलेलं पाणी अडवून कालव्यांत घालायचं, एवढंच त्याचं काम. मागे गाळ साचला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या आणि बदकं येऊ लागली.

पूर्वी बदकांमागे जाणारे गट बंदुका घेऊन जात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यावर लगाम आला, 1991 च्या दुरुस्तीने ते मिटलं. 1980 मध्ये उजनी पूर्ण झालं, 1986 मध्ये नांदूर आणि जायकवाडी अभयारण्यं झाली. 1987 पासून आशियातली जानेवारीची पाणपक्षी गणना सुरू झाली आणि हौशी मंडळांना हिवाळी सहलीसाठी निमित्त मिळालं.

सहलीचा मुहूर्त मात्र कॅलेंडरपेक्षा पाटबंधारे खात्याच्या पाणीसाठ्याच्या आकड्यावर ठरतो. परतीचा पाऊस चांगला झाला की नोव्हेंबरात उजनी काठोकाठ असतं आणि चिखलाच्या कडा पाण्याखाली. रोहित (फ्लेमिंगो) उथळ पाण्यात उभा राहून, चोच उलटी बुडवून चिखलपाणी गाळतो. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत गेलेल्या गटाला वारकरी (काळी पाणकोंबडीसारखी कूट) आणि चित्रबलाक (रंगीत करकोचे) भेटतात, रोहित बहुधा नाहीत. कालव्यांची आवर्तनं सुटून पाणी उतरलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये रोहित पाहणं जमतं. उजनीच्या सुमारे 117 टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) 63 टीएमसीहून जास्त साठा मृत, टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या वापरायच्या पाण्याची, म्हणून ती शून्याखालीही जाते. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे 50 च्याही खाली होती. अशा वेळी काठ इतका मागे हटतो की पक्ष्यांपर्यंत पोचायला गुडघाभर गाळ तुडवावा लागतो. राज्य सरकारने 2020 मध्ये जाहीर केलेला पक्षी सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबरचा, म्हणजे पाणपक्षी पाहायला नेमका अडचणीचा.

डिजिटल कॅमेरा येईपर्यंत दहा-पंधरा जणांत दोन-तीन 8×40 च्या दुर्बिणी आणि फार तर एक तिपाईवरची मोठी दुर्बीण असे. काठावरून पाहणं पुरायचं. प्रत्येकाच्या हाती लांब लेन्स आली तशी मच्छीमारांच्या होड्यांना मागणी वाढली आणि नावाड्यावर जवळ नेण्याचा दबावही. इंजिन लांबच बंद करून बांबूने ढकलत, तिरकं जायचं असतं. थवा माना ताठ करून एका दिशेला चालू लागला की तिथेच थांबायचं. पुढची पायरी उडण्याची, आणि उडालेला थवा चरायची चांगली वेळ गमावतो.

यापेक्षा मोठा वाद 2017 च्या पाणथळ नियमांचा आहे. 2010 च्या नियमांत व्याख्येत जलाशय आणि तलाव स्पष्टपणे होते. 2017 मध्ये केंद्राने ती व्याख्या बदलली: आधीपासून बाहेर असलेल्या नदीपात्र आणि भातखाचरांबरोबर पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि सिंचन, मिठागरं, मत्स्यशेती, करमणूक यांसाठी मुद्दाम उभारलेल्या रचना वगळल्या. या बदलाच्या बाजूने सांगितलं जातं ते असं की धरण चालवताना पाणी कधी सोडायचं हे पक्ष्यांवर ठरवता येणार नाही. हे खरंच आहे. पण तेवढ्यासाठी अख्खा फुगवटा व्याख्येबाहेर काढायची गरज नव्हती. पाणी सोडण्याची मोकळीक ठेवूनही काठावरची भर, राडारोडा आणि सांडपाणी यांवर बंदी घालता आली असती. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने उपग्रहीय नोंदीतल्या 2,01,503 पाणथळींना 2010 च्या नियमांतल्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यायला सांगितलं होतं. ही नोंद सव्वादोन हेक्टरांवरच्या पाणथळींची. त्यातली मानवनिर्मित कोणती धरायची, यावर घोळ सुरूच राहिला.

परिणाम विचित्र आहे. नांदूर हा सिंचनाचाच बंधारा, पण अभयारण्य असल्याने 1972 चा कायदा लागू, आणि 2020 मध्ये तो राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय करारातली महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झाला. उजनीचा फुगवटा यातल्या कशातच नाही. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन एकसाली गाळपेरीला दिली जाते, आणि रोहित, शेकाटे, तुतारी या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांनाही तोच पट्टा हवा असतो. गाळपेर करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यातल्या अनेकांच्या जमिनी याच पाण्याखाली गेल्या. गटाने पेरलेल्या सऱ्यांतून वाट काढू नये, बांधावरून एका रांगेत जावं, हा संकेत त्यातूनच आला.

गणनेच्या आकड्यांनाही हाच गुंता चिकटतो. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजून तेवढा तुकडा नजरेत बसवतात, मग शंभराचा, आणि तो थव्यावर सरकवत नेतात. उडता थवा डोळ्यांना बहुधा कमी भासतो, म्हणून दोघांनी वेगवेगळं मोजायचं. तेवढं करूनही यादीवर त्या दिवसाची धरणाची टक्केवारी नसेल, तर धरण भरलेल्या वर्षाचा कमी आकडा पुढे कुणीतरी पक्षी घटल्याचा पुरावा म्हणून वापरतं.