सुगम्य पुस्तकालयात नवं पुस्तक हवंय? मागणी नेमकी कुठे अडते ते आधी बघा

सुगम्य पुस्तकालय म्हणजे छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन वाचनालय. "मागणी टाकून चार महिने झाले, काही उत्तर नाही." असा फोन आला की मी विचारते, कोणती आवृत्ती लिहिलीत? पलीकडून दादाला विचारलं जातं आणि उत्तर येतं, "लाल कव्हरची."

अनेकांना वाटतं, दिल्लीत एखादी समिती बसते आणि पुस्तकं मंजूर-नामंजूर करते. तसं नाही. सुगम्य पुस्तकालय २०१६ साली केंद्र सरकारचा दिव्यांगजन विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया (अशी पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थांचं जाळं) आणि टीसीएस ही आयटी कंपनी यांनी मिळून सुरू केलं. देशभरच्या संस्था आपापली पुस्तकं तयार करून तिथे ठेवतात. त्यामुळे तुमचं पुस्तक कुणीतरी हातात घ्यावं लागतं. अभ्यासक्रमातली पुस्तकं साधारणपणे आधी घेतली जातात, कथा-कादंबऱ्या मागे राहतात. हे मला पटत नाही, पण मनुष्यबळ तेवढंच आहे.

पात्रतेचं थोडक्यात: अंध, अंशतः अंध, डिस्लेक्सिया असलेले, हाताने पुस्तक धरता येत नाही असे, सगळे यात येतात. नोंदणी या फोरमच्या सदस्य संस्थेमार्फत करावी. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लागतं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत बघा, आणि आधारवरचं नाव जुळतंय का तेही. '४० टक्के नाहीत म्हणून मी अर्जच केला नाही,' असं सांगणारे भेटतात. ती अट नोकरीतल्या आरक्षणाची. पुस्तकांच्या अशा प्रती करू देणाऱ्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलमात टक्केवारीच नाही.

याच कलमाबद्दल आणखी एक. काही ठिकाणी 'प्रकाशकाचं परवानगीपत्र आणा' म्हणून परत पाठवतात. २०१२च्या दुरुस्तीनंतर दिव्यांगांसाठी, नफा न घेता, सुगम्य प्रत, म्हणजे त्यांना वाचता-ऐकता येईल अशी प्रत, करायला परवानगी लागत नाही. कलम ५२ वाचा म्हणावं! मात्र ती प्रत दिव्यांग वाचकांपुरतीच ठेवायची असते, क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नसते.

आता खरी अडचण. मागणीत पुस्तकाची ओळख पटली पाहिजे. मुखपृष्ठाचा फोटो पुरत नाही. आतलं, प्रकाशक आणि आवृत्ती छापलेलं पान लागतं. तिथे 'तिसरी आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' असं दोन्ही असतं. पुनर्मुद्रण म्हणजे बहुतेक वेळा तोच मजकूर पुन्हा छापलेला. त्यावरचं ताजं साल बघून नवी मागणी केली की 'पुस्तक आधीच उपलब्ध' असा शेरा येतो. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतो. मग रकाना भरायचा म्हणून बारकोडखालचा कुठलाही आकडा टाकू नका, 'छापलेला नाही' असं लिहा. मागणीआधी शोधताना नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हींत टाकून बघा. इंग्रजी पुस्तक असेल तर आधी बुकशेअर हे अशाच वाचकांसाठीचं परदेशी ऑनलाइन वाचनालय चाळा. तिथे अनेक प्रकाशक स्वतःच फायली देतात.

'माझ्याकडे पीडीएफ आहे' म्हणणाऱ्यांनी त्यातला एक परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहावा. जुन्या डीटीपी फॉन्टमधलं असेल तर अगम्य चिन्हं उमटतील आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) तेच वाचेल. प्रकाशकाकडे युनिकोड (कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांतली) फाइल असेल तर ती मागा. इथे मात्र त्यांची मर्जी सांभाळावी लागते.

फाइल नसेल तर स्कॅन आणि ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं संगणकाने ओळखून मजकूर करणं. मराठीत रफार गळतो, 'पूर्व'चं 'पूव' होतं, जोडाक्षरं फुटतात. कुणीतरी मूळ पुस्तक समोर ठेवून ओळ न् ओळ तपासतं. गणितं, नकाशे, तक्ते असतील तर त्यांचं वर्णन लिहावं लागतं. याला महिने लागतात. स्पर्धा परीक्षेची जाहिरात आल्यावर मागणी करणारे दरवर्षी इथेच फसतात. अभ्यासक्रम हातात आला त्याच आठवड्यात मागणी करा, आणि कोणती प्रकरणं आधी हवीत तेही लिहा.

शेवटी प्रत. झेरॉक्सची झेरॉक्स चालत नाही, वाचनालयाचं पुस्तकही देऊ नका. नीट स्कॅन व्हावं म्हणून बऱ्याचदा बांधणी कापून पानं सुटी करतात, तेव्हा ते परत येणार नाही असं धरूनच द्या. आजोबांची सही असलेली प्रत घरी राहू दे, दुसरी विकत घ्या.