"ते तसेही जाणारच होते" हे खोटं आहे

कोरोनात गेलेली म्हातारी माणसं तसंही वर्षभरात जाणारच होती, असं अजूनही लोक बिनधास्त बोलतात, राग येतो ऐकून. अमेरिकेचे आकडे बघा, २०१९ला तिथे ६५ वर्षांच्या माणसाला सरासरी अजून १९.६ वर्षं आयुष्य होतं, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या घेणारे पण त्यातच आले की! वर्षभरात जाणारेच गेले असते तर २०२१ला मृत्यू कमी व्हायला हवे होते ना, ते उलट वाढले आणि जन्मावेळचं सरासरी आयुर्मान दोन वर्षांत ७८.८ वरून ७६.४ वर आलं. वाचलेल्यांचेही हाल झालेच, फिरणं बंद म्हणून पायातली ताकद गेली, चेकअप राहिले, मोतीबिंदूची ऑपरेशनं लांबली, मग नीट दिसत नाही म्हणून बाथरूममध्ये पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं, हे कोरोनाच्या आकड्यांत कुठेच धरलेलं नसतं.