पलंगाखालच्या विटा काढा

आमच्या नात्यातली एक सून धुळ्याहून सोनोग्राफी करून आली आणि घरच्यांनी तिच्या पलंगाला पायथ्याकडून विटा लावल्या. नववा आठवडा, अंगावरून लाल गेलेलं आणि रिपोर्टात एक ओळ: 'सबकोरिऑनिक हिमॅटोमा', म्हणजे गर्भाच्या पडद्याखाली साठलेली रक्ताची गाठ. त्याच्याच वरच्या ओळीत बाळाचे ठोके मिनिटाला १७० लिहिले होते, ती कुणी वाचलीच नाही. सासूबाईंचं एकच पालुपद, "पोरी, खाले उतरू नको वं, पडी ऱ्हाय."

पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारांतल्या एका गरोदर बाईला कमी-जास्त रक्त जातं. ठोके दिसत असतील तर त्यातल्या बहुतेकींचं गरोदरपण पुढे नीट जातं. मग विटा कशासाठी? बाळ खाली घसरेल म्हणून. पण गर्भ पिशवीत नुसता ठेवलेला नसतो, तो अस्तरात रुजलेला असतो. रक्त येतं ते घसरण्यामुळे नव्हे. ते कुठून येतं, ही मला गर्भविज्ञानातली सगळ्यात सुरस गोष्ट वाटते.

गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींना ट्रोफोब्लास्ट म्हणतात. त्या अस्तरात शिरतात आणि आईच्या सर्पिल धमन्यांच्या तोंडापर्यंत पोचतात. आता आईचं रक्त भसाभसा यायला हवं, असं वाटेल. होतं उलटंच. या पेशी धमन्यांची तोंडं बुजवून टाकतात. १९८७ साली हुस्टिन आणि शाप्स या संशोधकांनी ही बुचं दाखवून दिली. पहिले दहाएक आठवडे गर्भ आईच्या वाहत्या रक्तावर नव्हे, तर मुख्यतः अस्तरातल्या ग्रंथींच्या पाझरावर वाढतो. त्याच्याभोवती ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या आसपासच असतो. बाराव्या आठवड्यानंतर तो साठच्या घरात जातो. हा उपास मुद्दाम घडवलेला आहे. ऑक्सिजनबरोबर मुक्त मूलकं येतात, ती पेशींचे पडदे आणि डीएनए खराब करतात, आणि त्यांना आवरणारी विकरं (एन्झाइम) कोवळ्या वारेत (प्लासेंटात) अजून पुरेशी तयार झालेली नसतात.

पुढे बुचं सुटतात, पण सगळी एकदम नाहीत. पांझरा नदीकाठच्या फडात, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या शेतात, पाटकरी जसं एकेक दारं फोडत पाणी देतो, तशी ती टप्प्याटप्प्याने मोकळी होतात, आणि आधी कडेची. कडेला रक्त पोचलं की तिथला ऑक्सिजन चढतो, तिथले अंकुर (गर्भाच्या बाहेरच्या थराला फुटलेली बारीक बोटं) झडतात आणि तो भाग गुळगुळीत पडदा बनतो. मधले अंकुर टिकतात, त्यांची वार होते. म्हणजे कडेला ऊतींची मोडतोड चाललेलीच असते. तिथे पडदा अस्तरापासून थोडा सुटला की मधल्या फटीत रक्त साठतं. तोच हिमॅटोमा. ट्रोफोब्लास्टची घुसखोरी उथळ राहिली असेल तर बुचं कच्ची राहतात, रक्त वेळेआधी आणि वेडंवाकडं शिरतं, तेव्हा मात्र धोका वाढतो. लहान गाठ बहुधा काही आठवड्यांत जिरते. जिरताना तपकिरी डाग पडत राहतात. ते जुनं रक्त असतं, नवं संकट नव्हे.

यातलं काहीही पलंगाच्या उताराने बदलत नाही. सक्तीच्या झोपून राहण्याने गर्भपात टळतो, असा पुरावा मिळालेला नाही. उलट गरोदरपणात रक्त आधीच गोठायला उत्सुक असतं, पडून राहिलं तर पायाच्या शिरांत गुठळी व्हायची. जड ओझं आणि शरीरसंबंध काही दिवस टाळायला डॉक्टर सांगतात, तेवढं पाळावं. प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाच्या गोळ्यांचाही गाजावाजा फार. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या चार हजारांहून जास्त बायकांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सरसकट फायदा ठरला नाही. आधी गर्भपात झालेल्या आणि आता रक्त जाणाऱ्या बायकांत मात्र तो दिसला.

शहाद्याकडे पपईच्या बागाच बागा, त्यामुळे गर्भपाताचा आळ पपईवर लगेच येतो. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे तुकडे आकुंचन पावलेले दिसले आहेत, तेव्हा कच्ची टाळलेली बरी. पण पिकलेल्या फोडीचा काय दोष? नजर लागणं, ग्रहण, हंडा उचलणं, ही कारणं तर बाईला अपराधी ठरवण्यापुरतीच कामाची. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक असते. भगताचा दोरा तिथे पोचत नाही, आणि डॉक्टरही.

थांबायचं नाही ते कधी, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक हवं. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, एका बाजूला पोटात कळ येत असेल, खांद्यात दुखत असेल, भोवळ येत असेल किंवा ताप असेल, तर लगेच निघा. गर्भ नळीत असेल तर नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो. म्हणून गर्भ पिशवीतच आहे ना, हे सोनोग्राफीत आधी बघतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून निघायचं तर १०८ ला फोन उजाडेपर्यंत लांबवू नका. रक्तगटाचा कागद सोबत घ्या: आई आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं का, ते डॉक्टरांना ठरवावं लागतं.