किरणोपचारानंतर फुप्फुसात राहणारा व्रण: पार्श्वभूमी

छातीवर किरण दिले की फुप्फुसाला इजा होते, हे १९२०च्या दशकातच नोंदले गेले होते. पुढे बराच काळ मात्रा आवरती घेणे, एवढाच उपाय हाती होता.

खरा घोळ नावाचा आहे. उपचार संपल्यावर साधारण एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, धाप, बारीक ताप सुरू होतो, तो न्यूमोनायटिस, म्हणजे फुप्फुसाची सूज. ती स्टिरॉइडने बहुधा उतरते. त्यानंतर महिनोन्‌महिने ऊती घट्ट होत जातात, ते फायब्रोसिस, म्हणजे मागे राहणारा व्रण. तिथे स्टिरॉइड चालत नाही. सूज जाणवलीच नाही, तरीही व्रण पडू शकतो. असे असून दोन्ही गोष्टी सर्रास ‘किरणजन्य इजा’ या एकाच नावाखाली घातल्या जातात. सूज किती जणांना आली हे मोजायचे आणि आशा व्रणाबद्दल धरायची, हे मला पटत नाही.

आपल्याकडे यात टीबीची भर पडते. स्तनाच्या कर्करोगात गळ्याच्या हाडाजवळच्या गाठींना ‘लाईट’, म्हणजे किरण, दिलेली असेल, तर फुप्फुसाच्या टोकाशी डाग उमटतो, आणि टीबीचीही तीच नेहमीची जागा. जुनी फाइल न पाहता एकेटी, म्हणजे टीबीची औषधे, सुरू झाली, तर बाई सहा महिने नको त्या गोळ्या खाते. सीटी निरखून पाहिला तर खूण सापडते: किरणांच्या डागाची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ असते, फुप्फुसाच्या खंडांच्या सीमा ती जुमानत नाही. अनेक दिशांनी किरण देणाऱ्या नव्या पद्धतींत मात्र ही कडही पुसट होते.

१९९०च्या दशकात दोन गोष्टी पुढे आल्या. व्रण घडवणाऱ्या टीजीएफ-बीटा या प्रथिनावर लक्ष गेले. आणि २० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) किंवा अधिक मात्रा फुप्फुसाच्या किती टक्के भागाला मिळते, हा आकडा नियोजनात रूढ झाला. तो साधारण ३५ टक्क्यांच्या आत ठेवतात.

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब या व्रणाची वाढ मंदावणाऱ्या औषधांना मान्यता मिळाली, पण ती अज्ञात कारणाने होणाऱ्या फायब्रोसिससाठी. किरणांच्या रुग्णांसाठी ही औषधे तिथून उसनी घेतली गेली. २०१७ पासून फुप्फुसाच्या कर्करोगात केमो-किरणोपचारानंतर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणारी औषधे, देणे सुरू झाले. तीही न्यूमोनायटिस घडवते, त्यामुळे सूज नेमकी कशाची, हे ओळखणे आणखी अवघड झाले.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत स्टिरॉइडसोबत निंटेडॅनिब दिल्यावर आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण कमी दिसले. रुग्ण पुरेसे न मिळाल्याने ती लवकर थांबली. तिचे मुख्य मोजमापही न्यूमोनायटिसच्या उसळीचेच होते, व्रणाचे नव्हते.