हा मुलगा आमिशांतला होता का?

24 डिसेंबर 1985. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात चेस्टर नावाच्या लहानशा गावाजवळ, रस्त्याच्या कडेला एका लहान मुलाचा मृतदेह सापडला. अंगात निळा झोपायचा पोशाख, कुठल्याही दुकानात मिळतो तसला. आसपासच्या कुणाचंच मूल हरवलेलं नव्हतं. गावाने त्याला मॅथ्यू हे नाव दिलं आणि पुरलं. 1987 मध्ये एका भरपूर खपाच्या मासिकात त्याच्यावर लेख आला, तो वाचून ओळखीतल्या माणसांच्या मनात पाल चुकचुकली आणि पत्ता लागला. मुलगा ओहायोतल्या आमिश कुटुंबातला निघाला. वडील पंथ सोडून बाहेर पडलेले. मुलगा अपघातात गेला, असं त्यांनी नातेवाइकांना सांगून टाकलं होतं. मग हरवल्याची तक्रार करणार कोण?

आज असाच एखादा विशीतला तरुण बेवारस सापडला आणि ‘हा आमिश असावा का?’ अशी शंका आली, तर शास्त्र काय काय सांगू शकेल?

आधी आमिश म्हणजे कोण ते थोडक्यात. (आमिषाशी काही संबंध नाही, याकोब आम्मान या माणसावरून पडलेलं नाव.) 1693 मध्ये स्वित्झर्लंड-अल्सास भागातल्या एका ख्रिस्ती पंथात फूट पडली, आम्मानच्या बाजूचे ते आमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. आज उत्तर अमेरिकेत त्यांची संख्या चार लाखांच्या घरात आहे. घोडागाडी, आठवीपर्यंतची शाळा, घरात जर्मनची एक बोली, आणि लग्न पंथातच.

पहिली नजर अर्थातच कपड्यांवर जाते. आमिश पुरुषांच्या ठेवणीतल्या कोटाला बटणं नसतात, आपल्याकडे ब्लाउजला असतात तसले हूक असतात. पँटला पट्ट्याऐवजी खांद्यावरून गॅलस. पण हा पुरावा दोन्ही बाजूंनी फसवा. सोळाव्या वर्षानंतर पोरांना जरा मोकळीक मिळते, तेव्हा त्यातले कित्येक सरळ जीन्स चढवतात. आणि ती मिशीविना दाढी, जी पाहून कुणीही आमिश ओळखेल, ती लग्नानंतर वाढवायची रीत. विशीतल्या अविवाहित पोराचा चेहरा तुळतुळीतच असायचा. चेस्टरच्या मुलाचा पोशाख पाहून आमिश हा शब्द कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

शरीराची ठेवणही फारशी कामाची नाही. 2004 मध्ये कॅनडातल्या आमिश शेतकऱ्यांना पावलं मोजायची यंत्रं लावली, तर पुरुषांची सरासरी दिवसाला 18 हजारांवर गेली. अशा मेहनतीच्या खुणा हाडांवर, स्नायू चिकटतात त्या जागी राहतात. पण नांगर धरणारा हात आमिशाचा की दुसऱ्या कुणा शेतकऱ्याचा, हे हाडाला कुठून कळणार?

दात मात्र बोलतात. दाताचं कवच लहानपणी एकदा तयार झालं की पुन्हा बदलत नाही. त्या वयात पोटात गेलेल्या पाण्यातला ऑक्सिजन आणि मातीतून अन्नात उतरलेलं स्ट्रॉन्शियम त्यात कायमचं बसतं. या मूलद्रव्यांच्या जड-हलक्या समस्थानिकांचं प्रमाण प्रदेशानुसार बदलतं, त्यामुळे बालपण कुठल्या भागात गेलं याचा अंदाज बांधता येतो. सुपरमार्केटच्या जमान्यात हा नकाशा पुसट होत चालला आहे, कारण सगळीकडे त्याच गोदामातला माल. घरच्या विहिरीचं पाणी आणि परसातली भाजी खाऊन वाढलेल्या पोराच्या दातांत तो जरा ठसठशीत उमटावा. पण दात गाव सांगेल, पंथ नाही.

खरा ऐवज डीएनएत. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातले आमिश सुमारे 200 मूळ माणसांचे वंशज मानले जातात. तीनशे वर्षं सोयरिक आतल्या आतच. आपल्याला प्रत्येक गुणसूत्र जोडीने मिळतं, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोघांचे पूर्वज एकच असले की जोडीतल्या दोन्ही प्रतींत लांबच लांब पट्टे अगदी सारखे निघतात. हे पट्टे दिसले की ‘आतल्या आत लग्नं करणारा समाज’ एवढं कळतं. तो समाज कोणता, हे सांगायला खास शिक्के लागतात. 1744 मध्ये सॅम्युअल किंग आणि त्याची बायको पेनसिल्व्हेनियात आले, त्यांच्यापैकी एकाकडे एक जनुकीय दोष होता. दोन्ही बाजूंनी तो मिळाला की मूल बुटकं, सहा बोटांचं जन्मतं. व्हिक्टर मॅक्युसिक या जनुकशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये हा वारसा उलगडला. लँकेस्टरच्या आमिशांत आठांतला एक जण त्याचा वाहक असतो. त्याला स्वतःला काहीच होत नाही, बोटंही पाचच. आपल्या तरुणाच्या डीएनएत असे दोन-तीन शिक्के एकत्र सापडले, तर आमिश मुळाबद्दल फारशी शंका उरत नाही. अर्थात, मूळ आमिश असणं आणि तो स्वतः आमिश म्हणून वाढला असणं या दोन गोष्टी वेगळ्या. चेस्टरच्या मुलाचंच पाहा.

आता तो कोणाचा? इथे गाडी अडते. अनोळखी मृतांची नावं हल्ली वंशावळीच्या संकेतस्थळांवरून शोधतात: मृताचा डीएनए तिथे टाकायचा, नातेवाईक जुळले की त्यांच्या झाडावर चढत जायचं. नातं सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात, म्हणजे दोघांत सारख्या निघालेल्या डीएनएच्या तुकड्यांच्या लांबीची बेरीज. सख्ख्या चुलतभावंडांत सरासरी साडेआठशे, पणजोबा एकच असलेल्यांत सुमारे 230, खापरपणजोबा एक असेल तर 70 च्या आसपास. आमिशांत मात्र तोच माणूस एका बाजूने खापरपणजोबांकडून नात्यात, दुसऱ्या बाजूने आजीच्या माहेराकडून, तिसऱ्या बाजूने आणखी कुठून. बेरीज फुगते आणि लांबचा माणूस जवळचा भासतो. म्हणून जाणकार नुसती बेरीज पाहत नाहीत, सर्वांत लांब तुकडा केवढा आहे ते पाहतात. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र आडनाव सुचवू शकतं, पण ते ‘स्टोल्टझफस’ निघालं तर कपाळाला हात: 1766 मध्ये आलेल्या एकट्या निकोलस स्टोल्टझफसची ती सगळी प्रजा.

वंशावळी मात्र आमिशांनी कसोशीने जपल्या आहेत. आपल्याकडे कुलवृत्तांताचे जाडजूड खंड असतात ना, तशीच त्यांची घराण्यांची पुस्तकं. त्यांच्या आधारे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी लाखो नोंदींचा एक संगणकीय साठाही केला. तो आजारांच्या संशोधनासाठी, परवानगी असलेल्यांनाच खुला, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. आजारी लेकराच्या उपचारासाठी दिलेली माहिती उद्या पोलिसांच्या टेबलावर गेली, तर परवा कोण रक्त देईल? खुल्या संकेतस्थळांवर आमिश स्वतः फारसे नसतात. तिथे भेटतात ते पंथ सोडून गेलेले, नाहीतर त्यांची मुलं.

म्हणजे प्रयोगशाळा तपासणाऱ्याला दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या जोडप्याच्या दारात आणून सोडणार, आणि त्या जोडप्याचे वंशज काही हजार. तिथून पुढे मी तरी ओहायोतल्या शुगरक्रीक गावी जाईन. तिथून 1890 पासून ‘द बजेट’ हे साप्ताहिक निघतं. वस्तीवस्तीतले वार्ताहर त्यात पत्रं धाडतात: कोणाकडे पाहुणे आले, कोणाला मूल झालं, कोण शिडीवरून पडलं. त्यात चार ओळी छापून आणायच्या, त्यांच्याच साध्या भाषेत: वय वीसच्या आसपास, उंची अमुक, डाव्या मनगटाचं हाड लहानपणी मोडून जुळलेलं. हे मनगट कोणाचं, हे एखाद्या स्वयंपाकघरात पत्र वाचताना त्याच्या मावशीला कळेल.