पायातली गुठळी: खाटेवरून घरी

विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, आमच्या काकूंचा डावा पाय सुजला. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या म्हटल्यावर पाय दुखणं रोजचंच. पण त्या दिवशी डाव्या पायातलं पैंजण घोट्यात रुतलं होतं आणि उजव्यातलं सैल होतं. डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केल्यावर खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चालायला सांगितलं. शेजारीपाजारी मात्र हबकले: "अहो, पाय हलवला तर गुठळी सुटेल!"

त्यांची भीती उगाच नव्हती, अनेक पिढ्या डॉक्टरही हेच सांगत आले. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकते, हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्शो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दाखवलं. तेव्हा औषधच नव्हतं. पाय उंच ठेवून आठवडेच्या आठवडे पडून राहायचं. १९१६ मध्ये रक्त गोठू न देणारं हेपॅरिन सापडलं, पण ते शिरेतून द्यावं लागे, म्हणून खाट काही सुटली नाही.

गोळीचा उगम तर गोठ्यात आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत, हिमवादळात, अमेरिकेतला एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्याकडे पोहोचला. जनावरांनी बुरशी लागलेलं क्लोव्हर गवत खाल्लं होतं. त्या गवतातलं द्रव्य लिंक यांच्या प्रयोगशाळेने शोधलं आणि त्यावरून पुढे वॉरफरिन बनलं. ते १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं, १९५४ पासून माणसांसाठी. आपण याला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो. खरं तर रक्त पातळ होत नाही, गोठणं मंदावतं. व्हिटॅमिन के अडवूनच ती काम करते, म्हणून वॉरफरिन घेणाऱ्याला मेथी-पालक एकदम वाढवू किंवा तोडू नका असं सांगतात.

१९६० मध्ये ब्रिस्टलमध्ये फुप्फुसात गुठळी गेलेल्या रुग्णांवर चाचणी झाली. गोठणं मंदावणारं औषध न दिलेल्या १९ जणांपैकी ५ जण त्याच गुठळीने दगावले, औषध दिलेल्या १६ जणांपैकी एकही नाही. मला हा आकडा विसरता येत नाही.

१९९६ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की पोटात टोचायच्या नव्या हेपॅरिनने घरीच उपचार होतात. पुढे रिव्हारोक्साबॅनसारख्या गोळ्या आल्या. त्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही.

काकूंना तीच गोळी आहे, जेवणाबरोबर घ्यायची. तासाभराने सूप बाजूला ठेवून त्या गल्लीत एक फेरी मारतात. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट सिव्हिल, एवढं घरात सगळ्यांना पाठ आहे.