‘कार’मधला ‘र’ कुठे गेला?

लंडनच्या माणसाच्या तोंडी ‘कार’ हा शब्द नुसता लांबवलेला ‘का’ असा ऐकू येतो, तर शिकागोचा माणूस त्यातला ‘र’ जीभ मागे ओढून स्पष्ट उच्चारतो. हा ‘र’ अमेरिकनांनी मागाहून चिकटवला, असा समज अनेकांचा असतो. घडले ते नेमके उलट. १६०७ मध्ये अमेरिकेत जेम्सटाउनला इंग्रजांची वसाहत झाली, तेव्हा इंग्लंडातही हा ‘र’ सर्रास उच्चारला जात होता. इंग्रज नाटककार बेन जॉन्सनच्या १६४० मध्ये छापलेल्या व्याकरणात आरंभीचा ‘र’ ठसठशीत आणि मधला-शेवटचा पातळ असल्याची नोंद आहे. म्हणजे झीज लागली होती, लोप झाला नव्हता. पुढे १७९१ च्या आपल्या उच्चारकोशात जॉन वॉकरने लंडनकरांच्या ‘कार्ड’मध्ये ‘र’ जवळपास उरलाच नसून केवळ लांब ‘आ’ राहिल्याचे नोंदवले. (मराठीने ‘पार्क’वरचा रेफ आणि ‘डॉक्टर’चा ‘र’ जपला, तो बहुधा आपण इंग्रजी कानापेक्षा छापील अक्षरांवरून अधिक शिकलो म्हणून.)

राजधानीची ही ढब प्रतिष्ठित ठरली. स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडचा नैर्ऋत्य भाग तिच्यापासून दूर राहिला. ऑस्ट्रेलियात मात्र तीच रुजली. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, जिथे स्कॉटिश वसाहतकार मोठ्या संख्येने उतरले, तिथे ‘र’ टिकला. अमेरिकेत लंडनशी घनिष्ठ संबंध असलेल्या बॉस्टन, न्यूयॉर्क, चार्ल्सटन या बंदरांनी तो सोडला, पण फिलाडेल्फियाने सोडला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये वारे फिरले आणि लंडनमध्ये खानदानी मानला जाणारा तोच ‘र’-लोप तिथे गावंढळ ठरू लागला. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये तिथल्या तीन मोठ्या दुकानांत याचा माग काढला. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूची चौकशी करायची, ‘फोर्थ फ्लोअर’ हे उत्तर ऐकायचे आणि नीट ऐकू न आल्याचे भासवून ते पुन्हा वदवून घ्यायचे, एवढीच त्यांची युक्ती होती. अशा २६४ कर्मचाऱ्यांपैकी महागड्या सॅक्समध्ये सुमारे ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ टक्के आणि स्वस्त क्लाइन्समध्ये जेमतेम २० टक्के जणांच्या उत्तरात कुठे ना कुठे ‘र’ आला. दुसऱ्यांदा, जरा जपून बोलताना, ‘फ्लोअर’मधला ‘र’ सर्वाधिक वाढला तो मात्र मधल्या, मेसीजच्या, विक्रेत्यांच्या तोंडी.